हात बाजूला?

महादेवीला सवत नव्हती, पण सवतीचा जाच काय असतो ते तिला विचारावं. लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, तोंडात तोफ धरलेली, हत्तीला लाजवील अशी सवत होती तिची. नवरा मलप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन जळकोटला परतला, तोवर निम्मं आयुष्य त्याने रणगाड्यांची दुरुस्ती आणि निगा करण्यात घालवलं होतं. रजेवर आला तरी तोंडात तेच. "आमच्या गाडीला धूळ सोसत न्हाई." "आमच्या गाडीला थंडीत आधी गरम करावं लागतं." महादेवीला काय सोसत नाही, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तरी सुटका होईल असं तिला वाटलं होतं. तर गावातल्या कॉलेजाने फाटकाशी चौथऱ्यावर एक जुना, निकामी केलेला रणगाडा आणून ठेवला, आणि मलप्पाने त्याची देखभाल आपणहून अंगावर घेतली. घरात ओला टॉवेल गादीवर फेकणारा, गॅसचं बटण चालू ठेवून उठणारा हा माणूस गाडीला हात लावायच्या आधी घड्याळ आणि अंगठी काढून खिशात ठेवी. लग्नातली अंगठी!

"कुठं अडकली की बोट जातंय," तो सांगे.

"आमच्यात कुठं अडकायचं नसंल तुमाला, म्हणून काढताव," ती फणकारे.

शेजारची तारामती म्हणायची, "नशीब काढलंस बाई. दारू न्हाई, पत्ते न्हाई."

"दारू असती तर बाटली फोडली असती. हिला कशानं फोडू?"

परवा भाकरी थापताना त्याचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं. फौजेतल्या नव्या पोरांना रणगाड्याचं काम शिकवायला माणूस हवा होता. दूर, दोन वर्षांसाठी. मलप्पाने तिथल्या तिथे हो म्हटलं आणि ताटावर बसल्यावर तिला सांगितलं, "सोमवारी निघतो. पेटी काढून ठेव." सांगितलं, विचारलं नाही. तव्यावरची भाकरी करपली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

रविवारी कॉलेजचा शिपाई आला नाही, म्हणून जाण्याआधीच्या शेवटच्या साफसफाईला तो तिलाच घेऊन गेला. आत पाणी शिरून गंज धरला होता. चालकाच्या जागेवरचं जाड लोखंडी झाकण उभं करून, ते पडू नये म्हणून खिटी घालून, त्याने आतला भाग वाळवला होता. महादेवी पदर खोचून वर चढली आणि झाकणाखालची कड पुसायला लागली. मलप्पा बिजागरीला ग्रीस लावत होता. इतक्या हलक्या बोटांनी, की तिचा हात जागीच थांबला. ताप आला तरी तिच्या कपाळाला असा हात कधी लागला नव्हता.

काम झालं. त्याने खिटी काढली, झाकण दोन्ही हातांनी तोलून धरलं आणि ओरडला, "हात बाजूला?"

यामागची गोष्ट तिला पाठ होती. फौजेत असताना एकदा कुणीतरी उत्तराची वाट न बघता झाकण सोडलं, आणि चालक हरिओमची बोटं गेली. तेव्हापासून समोरचा तोंडाने बोलेपर्यंत मलप्पा काही हलवत नसे.

महादेवीने हात मांडीवर घेतले आणि गप्प बसली.

"हात बाजूला?"

ती पदर नीट करत राहिली.

"अगं, दिसायलंय मला. पन तोंडानं बोल."

"दिसतंय तर लावा की."

"तसं चालत न्हाई. समोरचं बोलल्याबिगर कसं लावू?"

"आन् सोमवारी निघतो म्हणालाव, तवा समोरचं कोण बोललं हुतं?"

झाकणाच्या वजनाने मलप्पाचे दंड भरून आले होते. तो खेकसेल असं तिला वाटलं. पण त्याने झाकण पुन्हा उभं केलं, खिटी घातली, बसली का ते ओढून बघितलं आणि तिथेच गाडीवर टेकला. चौथऱ्याला एक म्हैस अंग घासत होती. त्याने म्हशीवरची नजर महादेवीकडे वळवली.

"जाऊ का?" त्याने विचारलं. आणि थांबला.

कधी विचारलंच, तर मोठ्या मनाने 'जावा' म्हणायचं, असं महादेवीने कितीदा ठरवलं होतं. पण थांबल्या थांबल्या त्याचा तळवा त्या लोखंडावरून फिरत होता, तो तिला दिसला.

"न्हाई," ती म्हणाली.

त्याने तळवा उचलला. "बरं," म्हणाला आणि उठला. खिटी निघाली. "हात बाजूला?"

"हाव. बाजूला."

झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं झाकण बसलं, आवाजसुद्धा झाला नाही. खाली उतरून त्याने फोन लावला. महादेवीने कान टवकारून शब्द न् शब्द ऐकला. "न्हाई जमायचं साहेब. घरून न्हाई म्हणलेत."

फोन खिशात टाकून तो वळला आणि सवयीने गाडीच्या कुशीवर थाप मारायला हात उचलला.

"आधी अंगठी घाला," महादेवी म्हणाली. "मग काय थोपटायचं ते थोपटा."