नुसतं नाव

रूथमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावर्ड्याच्या बाजारात आमसुलं घेत होते. पिशवी दुकानातच राहिली; तशीच रत्नागिरीची एसटी पकडली. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या चर्चमधली महिलांची शनिवारची प्रार्थनासभा ती चालवायची, म्हणून सगळ्यांचीच मावशी. तिला जाऊन महिना झाला... तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या एका चुकीपासूनच सुरुवात करावी लागेल. तिची त्याला हरकत नसती.

नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, त्यामागची मारहाण आईखेरीज फक्त मावशीला ठाऊक होती. दंडावरचे वळ मी तिलाच दाखवले होते. त्यानंतरच्या शनिवारी तिने सभेत माझ्यासाठी प्रार्थना मागितली... सगळं सांगून. रविवारी उपासनेला गेले तर बायकांचे डोळे माझ्या दंडांवर. एकीने हात धरून म्हटलं, "लपवू नकोस, आम्हाला कळलंय." मी उपासना अर्धवट सोडून घरी आले आणि आईला सांगितलं, आता त्या दारात पाऊल ठेवणार नाही.

मंगळवारी मावशी आली, रिकाम्या हाताने. एरवी घावणे, फणसाची भाजी, काहीतरी घेतल्याशिवाय ती कुणाकडे जात नसे. आईने खुर्ची पुढे केली, तरी उभीच राहिली.

"चुकून बोलून गेलीस का?" मी विचारलं.

"नाही गो. चुकून म्हटलं तर मी सुटले. सांगत होते तेव्हा सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, पुढे काय, पुढे काय... आणि मला ते आवडलं. तुझं दुःख सांगताना मला गोडी लागली. मला वाटत होतं, मी प्रार्थनाच करतेय. घरी येऊन एकटी गुडघ्यावर बसले, तुझं नाव घेतलं, तर एक शब्द सुचेना. तेव्हा उमगलं, सभेत मी देवाशी बोलतच नव्हते." मग थांबून म्हणाली, "आज मुद्दामच काही आणलं नाही. भाजी देऊन मोकळी झाले असते."

त्या दिवशी मी तिला क्षमा केली नाही. पुढच्या सभेत तिने स्वतःचं पाप सगळ्यांसमोर कबूल केलं. काही जणी दुखावल्या. त्यात एवढं काय, म्हणाल्या. दोघींनी तर यायचंच सोडलं. पण महिन्याभराने मी चर्चमध्ये गेले तेव्हा माझ्या दंडांकडे कुणी पाहिलं नाही. मावशी शेजारी येऊन बसली, तेव्हा मी सरकून जागा दिली. सावर्ड्यात मला नोकरी लागली, तिच्या मुलाखतीलाही तीच बरोबर आली. एसटीत शेजारच्या बाईंनी तिला विचारलं, "मुलीचे मिस्टर काय करतात?" मावशी शांतपणे म्हणाली, "मुलगी बसलीय ना समोर, तिलाच विचारा." किती दिवसांनी मी हसले त्या दिवशी!

दफनानंतरच्या शनिवारी सभा मला चालवायला सांगितली. एक आई उठली. लेकीचं नाव घेतलं आणि तिला रडू फुटलं. आमच्याकडे आता मावशीचीच पद्धत आहे, नुसतं नाव घ्यायचं. बाकीचं देवाला माहीत असतं. कुणी काही विचारलं नाही. माझ्या मात्र ओठांवर प्रश्न आला होता, "काय झालं गो?" अगदी काळजीचाच वाटत होता तो...

मी तो गिळला, त्या लेकीचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.