बारमाही सराव आणि मिरचीचे देठ

मंडळी, आमच्या जिल्ह्याच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी आज बैठक होती. नंदुरबारच्या एका कोच सरांच्या अर्जात लिहिलं होतं, 'मैदानावर बारमाही सराव.' मला तिथेच शंका आली. त्या मैदानावर तर हिवाळाभर मिरची वाळत घातलेली असते!

सर बैठकीला आलेच होते, मी तोंडावरच विचारलं.

सर म्हणाले, "अर्ज शाळानी लिखा, भाऊ. थंडीमा पोरी मिरचीना देठ खुडाले जातस, मंग मी बी खुडाले बठस. काम सुटनं का गल्लीमा खेळतस."

मला हीसुद्धा थापच वाटली. बाहेर येऊन त्यांच्या संघातल्या एका जुन्या गोलकीपर पोरीला फोन लावून विचारलं, सर खरंच देठ खुडतात का.

ती हसली. "खुडतस ना! पण सरना हात भलता हळू."

म्हणजे सर खरे, अर्ज खोटा. आणि आमची कमिटी मार्क देते ते अर्जाला. तुम्ही काय केलं असतं?