शिक्षेच्या वहीत नसलेला रकाना

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आज कपाट आवरताना माझी सत्तरच्या दशकातली, नागपूरच्या शाळेतली शिक्षेची वही सापडली. नाव, तास, गुन्हा, शिक्षा, एवढेच रकाने.

तेव्हा वर्ष संपताना ती चाळली, तर भांडणं बहुतेक चौथ्या तासाची आणि नावं उमरेडहून येणाऱ्या मुलींची! मी त्यांच्यातल्या सुशीलाला कारण विचारलं, "चौथ्याच तासाले काहून भांडते वं?"

"पहाटेच्या एसटीनं येतो बाई, पोटात काहीच नसते."

पुढच्या वर्षी मधली सुट्टी तासभर आधी घेतली. भांडणं जवळजवळ थांबली.

हा किस्सा मी आजवर अभिमानानं सांगत आले. आज मात्र सुशीलाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात सात वेळा 'छडी' वाचलं.

'काहून' विचारायला मला सात छड्या लागल्या. तुम्हाला किती लागतात?