कडी कुणाच्या हाताशी

समोरचा बसेपर्यंत हाटकेशच्या बाई बसायच्या नाहीत. समोरचा म्हणजे कोणीही. मी सुतार, अंगभर भुसा, हातात पटाशी, तरी माझ्यासाठीही उभ्याच. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंची कंबर धरली असणार. मग कळलं की त्यांची रीतच तशी. माणूस आत आला की दोन्ही खुर्च्या दाखवायच्या आणि विचारायचं, "कुठली हवी?" तो टेकला की उरलेल्या खुर्चीवर त्या.

माझी बायको सुलभा जाऊन दोन महिने झाले होते. घरात बसवत नव्हतं, म्हणून मिळेल ते किरकोळ काम घेत होतो. बाईंची जागा हाटकेशला, कारखान्यांच्या गाळ्यांमागच्या बिल्डिंगीत, पहिल्या मजल्यावर. वॉचमन म्हणाला, "वो पागलों की डॉक्टर? सीधा ऊपर." वर गेल्यावर बाईंनी नाव विचारलं. मी म्हटलं, सुतार म्हणा. "ते काम झालं. तुम्हाला काय म्हणू?" म्हटलं, दत्ताराम. त्या दिवसापासून मी दत्ताराम काका. आमच्या बिल्डिंगीत सगळे मला मिस्त्री म्हणतात. माझं नाव घेणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

काम एवढंसं होतं. आतल्या खोलीच्या दाराला आतून कडी. मी नेहमीच्या उंचीवर पेन्सिलीने खूण केली. बाई म्हणाल्या, "इतकी वर नको. दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्याचा हात पोचला पाहिजे."

"मॅडम, ती खुर्ची पेशंटची ना? उद्या कोणी डोकं फिरलेला आला, तर कडी त्याच्या हातात?"

"त्याच्याच हातात हवी काका. ज्याला कुणी कोंडून ठेवलं असेल, मारलं असेल, तो खोलीत आला की आधी दार बघतो. माझा चेहरा नंतर बघतो. आपल्याला कधीही उठून जाता येतंय एवढं त्याला पटलं, तर तो बोलणार."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. उचलायला वाकलो तो लवकर वर आलो नाही.

का ते सांगून टाकतो. मी चौथी शिकलेला माणूस, गोल फिरवून बोलायला मला जमत नाही. मी माझ्या पोराला कोंडलं होतं. नितीन तेव्हा चोवीस वर्षांचा, कमावता. त्याचं समीर नावाच्या मुलावर मन होतं. ते त्याने स्वतःच्या तोंडाने आम्हाला सांगितलं, चहा पिता पिता. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. गावाहून मुलगीवाले यायचे होते, तोपर्यंत पळू नये म्हणून. नऊ दिवस. सुलभा ताट आत द्यायची आणि दाराबाहेर भिंतीला टेकून बसायची. नवव्या दिवशी मी कामावर गेल्यावर तिने कडी काढली, त्याच्या चपला त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, जा. संध्याकाळी मला तिनेच सांगितलं, नजर न चुकवता. त्यानंतर सहा वर्षं ती त्याला बाहेर कुठेतरी भेटायची. आणि सहा वर्षं तिने घरातलं एकही दार आतून लावलं नाही. ती गेली तेव्हा नितीन आला, खांदा दिला, पाणीसुद्धा न पिता स्मशानातूनच परत गेला. माझ्याशी एक शब्द नाही.

बाईंच्या कामाला मला चार खेपा पडल्या. रोज नवीन काहीतरी. दाराची घंटी काढायला लावली, कारण तिच्या आवाजाने एक जण दचकायचा. दाराखाली रबरी पट्टी लावून घेतली, आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. घड्याळ त्यांच्या समोरून काढून त्यांच्या डोक्यामागे लावलं, येणाऱ्याला दिसेल असं. आणि बाईंची एक सवय मला सुरुवातीला विचित्र वाटायची. काहीही करण्याआधी सांगायच्या. "मी आता उठते हं." "मी खिडकी लावतेय." मलाही ताकीद होती, "काका, ड्रिल लावायच्या आधी मोठ्याने सांगा. बाहेर कोणी बसलेलं असतं." मी सत्तरीचा माणूस "ड्रिल लावतोय!" म्हणून भाजीवाल्यासारखा ओरडायचो.

चौथ्या खेपेला एक पाटी ठोकायची होती. माझं वाचन हळू. एकेक अक्षर जोडत वाचलं: इथे कुणालाही दुरुस्त केलं जात नाही.

मी हसलो. "मग लोक येतात कशाला मॅडम?"

"दुरुस्ती मोडलेल्याची करतात. पुरुषाचं पुरुषावर मन बसलं, बाईचं बाईवर, कुणाला आपण पुरुषही नाही बाईही नाही असं वाटलं, तर त्यात मोडलेलं काही नसतं. मोडतोड नंतर होते काका. बहुतेक वेळा घरातच."

मला झोंबलं. पाटी अर्धी ठोकून मी हत्यारं गोळा केली आणि विचारून टाकलं, "नितीन येतो का इथे? माझा मुलगा. त्यानेच सांगितलंय ना तुम्हाला?"

"इथे कोण येतं ते मी सांगत नाही. कोण येत नाही तेही सांगत नाही."

"मी बाप आहे त्याचा!"

"ऐकलं मी."

"सहा वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेला नाही तो! एवढंच सांगा, बरा आहे का? हो नाहीतर नाही!"

माझा आवाज खालच्या गाळ्यापर्यंत गेला असणार. बाई हलल्या नाहीत. हात दोन्ही मला दिसतील असे बाजूला, आवाज तेवढाच. "काका, तुमच्या मुलाबद्दल मी बोलणार नाही. तुमच्याबद्दल बोलायचं असेल तर दहा मिनिटं आहेत. खुर्ची कुठली हवी?"

मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. कधी बसलो ते मलाच कळलं नाही. मग त्या बसल्या. "दार लावू का, उघडं ठेवू?" मी म्हटलं, उघडं. कडी माझ्या कोपराशी होती. मीच बसवलेली.

ते नऊ दिवस मी सगळे सांगितले. माणूस असं सांगतो तेव्हा त्याला ऐकायचं असतं, जाऊ द्या काका, तुमचा काळ वेगळा होता. बाई तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही घाबरला होता, ते कळतंय मला. पण कडी बाहेरून होती." मग विचारलं, "ती अजून आहे का दाराला?"

होती. दर दिवाळीला दाराबरोबर तिलाही ऑइलपेंट मारायचो.

सुलभाचं वर्षश्राद्ध पुढे होतं. मी म्हटलं, नितीन येईल असं काहीतरी चिठ्ठीत लिहून द्या, तुमचं शिक्षण आहे. बाई नाही म्हणाल्या. "तुमची चूक तुमच्या अक्षरात लिहा. वाकडं आलं तर येऊ दे. आणि ये म्हणून गळ घालू नका, आईची शपथ तर नकोच. यायचं की नाही ते त्याच्या हातात राहू द्या." मग एका सरांचं नाव कागदावर लिहून दिलं. "तुमच्या मनावर काम करायचं असेल तर ह्यांच्याकडे जा. माझ्याकडे नको."

"का? म्हणजे नितीन येतो इथे!"

"असं मी म्हटलेलं नाही. दुसऱ्या कुणाबद्दल विचारत कोणीही आलं तरी मी हेच करते."

त्या सरांकडे मी दोनदा गेलो, पण तो विषय वेगळा.

घरी येऊन कडी काढायला बसलो. सहा थरांचा रंग, स्क्रू फिरेनात. पटाशीने खरवडून काढायला दुपार गेली. दारावर चार भोकं राहिली. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला असता तर कुणाला कळलंही नसतं. डबा उघडला आणि परत बंद केला. मग चिठ्ठी लिहिली. कडी बसवली ही माझी चूक. आता काढली. आईचं वर्षश्राद्ध अमुक दिवशी. बाबा. सुलभाच्या वहीत त्याचा पत्ता होता, त्यावर टपालाने पाठवली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळपासून मी दाराकडे बघत होतो. भटजी आले, पान वाढलं, भटजी जेवून गेले. जिन्यात पाऊल वाजलं की उठून उभा राहायचो, आणि ते वरच्या मजल्यावर जायचं. दुपारी तीनला नितीन आला. सोबत समीर. दोघे उंबऱ्याबाहेर उभे. नितीनच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते. तिशीतल्या पोराचे.

मला बोलायचं पुष्कळ होतं. तोंडातून एवढंच आलं, "दार लावू का, उघडं ठेवू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे, चार भोकांकडे. "उघडं ठेवा," म्हणाला. चपला न काढता दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसला, समीर स्टुलावर. मग मी बसलो. खीर दिली. नितीनने दोन चमचे खाल्ले, समीरने वाटी संपवली. वीस मिनिटांत गेले. जाताना नितीनने आईच्या फोटोला हात लावला. माझ्या पाया पडला नाही. मीही पाय पुढे केले नाहीत.

पुढच्या महिन्यात बाईंचा फोन आला. मालकाला जागा हवी होती. "काका, कडी काढून द्या, नव्या जागी लावीन." गेलो तर खोली रिकामी, खुर्च्या टेम्पोत चढलेल्या. कडी काढता काढता मी सांगितलं, नितीन येऊन गेला. त्यांना आधीच माहीत होतं का, हे मी चेहऱ्यावर शोधलं. काही सापडलं नाही. आजही मला माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तुम्ही?"

"तो बसेपर्यंत उभा होतो."

बाई हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. "मी आता निघते हं, काका," म्हणाल्या, नेहमीसारखं आधी सांगून. आणि मग गेल्या.

नितीन त्यानंतर एकदा येऊन गेलाय. पुन्हा येईल की नाही, ते त्याच्या हातात.

परवा वरसाव्याला एका घरी बोलावलं होतं. माझ्यासारखाच बाप, घाईत. म्हणाला, "मिस्त्री, पोरीच्या खोलीला कडी मारा. बाहेरून. आजच." मी विचारलं, आत कोण झोपतं? म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? नाहीतर दुसरा सुतार बघतो."

"बघा," म्हटलं. हत्यारांच्या पिशवीत तेव्हापासून ठेवलेली माझी जुनी कडी काढली, सहा थर रंगाची, आणि त्याच्या हातात दिली. "ही मी माझ्या पोराच्या दाराला लावली होती. नऊ दिवस."

तो कडी हातात घेऊन बघत राहिला. आतल्या खोलीत मघापासून कोणीतरी रडत होतं, ते आता थांबून ऐकत होतं. मी हत्यारं उघडली नाहीत आणि निघूनही गेलो नाही. तो बसेपर्यंत मी उभा राहिलो.