दत्ता काय म्हणाला होता

हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, रत्नागिरीला अम्मीला तर नाहीच. मराठीत मी हे आज पहिल्यांदा मांडते आहे — आणि आधीच सांगते, मान खाली घालून मांडत नाही. खाली घातलेली मान दिसायला बरी दिसते, एवढंच. मला बरं दिसायचं नाही.

मी दुभाषी आहे. फ्रेंच पुण्यात शिकले. आमच्याकडे तेव्हा सगळे विचारायचे, गल्फमध्ये द्यायची मुलगी, तिला अरबी सोडून फ्रेंच कशाला? लग्न होऊन दोहाला आले आणि त्याच फ्रेंचने मला इथे माझं स्वतःचं काम दिलं. सुरुवातीला छोटी कामं — दवाखान्यात, शाळेत, एखाद्या प्रदर्शनात. मग एकदा मोठं काम आलं.

फ्रान्सहून एक खासदार येणार होते. नाव लिहीत नाही. लिहिलं तर माझं ओझं त्यांच्या खांद्यावर सरकवल्यासारखं होईल, आणि ते मला करायचं नाही. साहेब म्हणते. कामाआधी मी त्यांची मिळतील तेवढी भाषणं ऐकली. लहान गावात शाळामास्तर, मग तिथलेच नगराध्यक्ष, मग संसद. ना डावे, ना उजवे, बरोबर मधले. दोन्हीकडचे लोक त्यांना शिव्या द्यायचे आणि ते म्हणायचे, दोघेही चिडलेत म्हणजे मी योग्य जागी उभा आहे. मला माणूस आवडला होता. हो, आवडला होता. ते का लपवू?

त्यांच्या देशात तेव्हा इथल्या कामगारांवरून वाद चालला होता. एक बाजू म्हणे, कतारशी संबंधच तोडा. दुसरी म्हणे, आपल्याला काय करायचंय? साहेब म्हणाले, मी स्वतः जाऊन विचारतो. उत्तरेला मदिनत अश शमाल गावाच्या बाजूला एक बांधकाम चालू होतं, तिथल्या कॅम्पवर आम्ही सकाळी गेलो. मेसच्या हॉलमध्ये कामगार बसवले होते. त्यातले बरेचसे मराठवाड्याचे निघाले आणि साहेबांना ते फारच भावलं — म्हणजे हिंदीसुद्धा मध्ये नको, थेट त्यांच्याच भाषेत बोलता येईल!

दत्ता उभा राहिला. परभणीकडचा, इमारतीभोवती लोखंडी परांची बांधणारा, पस्तिशीचा असेल. हातातली टोपी चुरगाळत होता. मला ताई म्हणाला. आणि मग तो जे बोलला ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे.

"ताई, माझे दाजी हितंच कामाला व्हते. कागदावर लिवलंय की झोपेत गेले. झोपेत नाई गेले. भर दुपारी वर चढवलं व्हतं त्यांना. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम हाय, तरी चढवलं. म्या खाली उभा व्हतो. माझ्यासमोर पडले. माझी बहीन म्हनती, धडधाकट मानूस झोपेत कसा जाईल? गावात म्हनतात, दारू पिऊन मेला. तिला तोंड दाखवता येईना. बाकी काई नको. दाजी कामावर व्हते, एवढं या सायबांच्या तोंडून कुटंतरी निघू द्या."

साहेब माझ्याकडे बघत होते. हसरे, उत्सुक, थोडे पुढे झुकलेले.

आता इथे तुम्हाला वाटेल, माझ्या शेजारी कंपनीचा अधिकारी बसला असेल, त्याने डोळे वटारले असतील. अधिकारी होता. पण त्याला ना मराठी कळत होती, ना फ्रेंच. फोनवर काहीतरी बघत होता. मला कोणी धमकावलं नव्हतं. नवऱ्याची नोकरी दुसरीकडे होती, व्हिसाला धक्का नव्हता. त्या हॉलमध्ये दत्ताचं बोलणं आणि साहेबांचे कान, यांच्यामध्ये मी एकटी होते. एकटी! मी खरं सांगितलं असतं तर मला अडवणारं कोणी नव्हतं.

मी फ्रेंचमध्ये म्हणाले, "यांचे मेहुणे इथे आजारपणात वारले. यांना फार दुःख आहे. कंपनीने सगळी नीट व्यवस्था केली, त्याबद्दल हे आभार मानतात."

का? — कारण सकाळ छान चालली होती. कारण साहेबांना काय ऐकायला आवडेल ते मला पाठ झालं होतं. कारण पुढच्या वेळी त्यांनी मलाच बोलवावं असं मला वाटत होतं. ही कारणं आहेत, सबबी नाहीत. दोन्हींतला फरक मला कळतो. शब्दांवरच माझं पोट आहे.

साहेब उठले आणि दत्ताचा हात दोन्ही हातांत धरला. दत्ताचे डोळे भरून आले. बाहेर पडताना तो धावत माझ्यामागे आला.

"ताई, समदं सांगितलं ना?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"लई उपकार झाले."

खोटं म्हणजे ते फ्रेंच वाक्य, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. नाही. ते नुसतं वाईट काम होतं. खोटं हे होतं — हे एका शब्दाचं, मराठीतलं, त्याच्या तोंडावर बोललेलं.

पुढे जे झालं ते झपाट्याने झालं. साहेबांनी संसदेत भाषण केलं. दोन्ही टोकांची माणसं ओरडतात, मी मात्र एका कामगाराचा हात हातात घेऊन ऐकून आलो आहे, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. दोहातल्या अल गराफा भागातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून मी ते बघत होते. मुलीने विचारलं, "मॉम, इज दॅट युअर गाय?" मी म्हटलं, हो. अभिमानाने म्हटलं. पुढे साहेब राज्यमंत्री झाले आणि मला मोठ्या बैठकांची कामं मिळू लागली. आम्ही दोघंही त्याच वाक्यावर वर चढलो.

मग त्यांचे दिवस फिरले. मधली जागा आक्रसत गेली, डाव्यांनी एकीकडून ओढलं, उजव्यांनी दुसरीकडून, आणि निवडणुकीत ते आपल्याच गावात पडले. गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा परिसंवादासाठी दोहाला आले तेव्हा त्यांनी मला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात कॉफीला बोलावलं. थकले होते. आत्मचरित्र लिहीत होते आणि दत्तावर त्यात एक प्रकरण होतं. अचानक म्हणाले, "तो माणूस खूप वेळ बोलला होता. तुमचं भाषांतर फार छोटं होतं. माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं."

मी म्हणाले, "मग विचारलं का नाहीत?"

"मला जे हवं होतं ते मिळालं होतं," ते म्हणाले.

खरं सांगू? क्षणभर मला हलकं वाटलं. वाटेकरी मिळाला! मग स्वतःचाच संताप आला. त्यांनी विचारलं नाही, ते त्यांचं. मी सांगितलं नाही, ते माझं. त्याचे अर्धे-अर्धे तुकडे होत नाहीत.

दत्ता खरं काय म्हणाला होता, ते मी तिथेही सांगितलं नाही. पण महिन्याभराने त्यांनी ते प्रकरण मेलवर पाठवलं, दत्ताच्या गावाचं नाव बरोबर लिहिलंय का तपासायला. त्या पानांत दत्ता कृतज्ञतेने रडत होता. मी गावाचं नाव दुरुस्त केलं. आणि खाली दत्ताचं सगळं बोलणं फ्रेंचमध्ये उतरवलं, एक शब्द न गाळता. हे त्याने सांगितलं होतं, मी बदललं, असं लिहिलं. सही केली. पाठवलं.

चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. मनापासून आभार. पुस्तक लांबत असल्याने हे प्रकरण काढून टाकत आहे.

म्हणजे खोटंही छापलं गेलं नाही आणि खरंही नाही. बरोबर मधलं.

त्यानंतर मी कॅम्पवर चौकशी केली. दत्ता केव्हाच गावी परतला होता, पण तिथल्या एका माणसाने दत्ताच्या बहिणीचा नंबर दिला. तो माझ्याकडे आहे. तीन आठवडे झाले. मी अजून फोन केलेला नाही. त्याला काही कारण नाही, आणि मी ते शोधणारही नाही.