चेहरा नको, पाठ हवी

सरांनी टेप मागे नेली आणि माझं वाक्य सगळ्या वर्गाला पुन्हा ऐकवलं. "थांबा, पानी आनते." टीव्हीवर माझा उघड्या तोंडाचा चेहरा. हशा. पुन्हा टेप मागे. पुन्हा हशा. चौथ्यांदा सरांनी चित्र तिथेच गोठवलं.

"आपण येता कुठून?"

"धायरीहून, सर."

"अच्छा. म्हणजे तिकडे नळाला अजून पानीच येतं. पाणी पोचलेलं नाही."

मीही हसले. त्याचीच लाज मला अजून वाटते.

नारायण पेठेत एका अरुंद जिन्याच्या वर हा वर्ग भरायचा. कॅमेऱ्यासमोरचा अभिनय, दर रविवारी. मी एकवीस वर्षांची. मंडईजवळच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचे. आई रस्ते झाडायची. आमची घरं गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. पुढे गाव शहरात गेलं. आमची घरं ओढ्यापलीकडेच राहिली.

शिकले मात्र मी सगळं. नाटकासारखं ओरडायचं नाही. जमिनीवरच्या खुणेवर खाली न बघता थांबायचं. क्लोजअपमध्ये पापणी उगाच हलवायची नाही. दुकानात घड्या घालताना पाणी, आणि, कोण, कुणी असं पुटपुटत राहायचे. मालक म्हणाले, "वेड लागलं का गं?" लागलंच होतं.

नऊ महिन्यांनी प्रत्येकाचा एक प्रसंग चित्रित होणार होता. ती टेप घेऊन काम मागायला जायचं. प्रसंग ज्याचा त्याने निवडायचा. मी वकीलबाई निवडली. कोर्टातलं भाषण तोंडपाठ केलं. एकेक ण चोख.

त्या रविवारी सर म्हणाले, "वकील राहू दे. तुझ्यावर खोटी वाटेल. अनघाच्या प्रसंगात मोलकरीण हवीय. तुला तर अभिनयसुद्धा करावा लागणार नाही."

अनघा माझ्याच वर्गातली. ती सोफ्यावर बसून फोनवर रडणार, मी तिच्यामागे फरशी पुसणार. कॅमेरा सुरू झाला. मी मान वर केली.

"कट! चेहरा नको. पाठ हवी फक्त."

दुसऱ्यांदाही मान वर केली. तिसऱ्यांदा सरळ लेन्समध्ये बघितलं. पापणी हलवली नाही.

"कळत नाही का तुला?" सर ओरडले.

"कळतं, सर. म्हणूनच बघतेय." फडकं बादलीत टाकलं. "माझा वकिलाचा प्रसंग घ्या. नाहीतर मी जाते."

"जिना माहितीये ना?"

वर्गात चौदा जण. सगळे फरशीकडे बघायला लागले. अनघा डोळ्यांतलं ग्लिसरीन टिपत म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात?"

मी जिना उतरले. हातांना फिनेलचा वास.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पुसायची व्हती की फरशी. म्या रोज रस्ता झाडते, माजं काय झिजलं?" याचं उत्तर सुचायला मला काही वर्षं लागली, तोवर आई वारली होती. फरशी पुसण्याची लाज नव्हती, आई. तुला चेहरा होता. त्यांना माझा नको होता.

टेप नव्हतीच. फोटो घेऊन हिंडले. फोटो बघून लोक ठरवायचे, मोलकरीण. झोपडपट्टीतली बाई. गर्दीतली बाई. वीसेक वर्षं झाली. अनघा मालिकेत सासू झाली आहे. मी अजून साड्या उलगडते. काम मिळेल अशी आशा नाही. खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात एका मुलाचा फोन आला. कुठूनतरी माझा नंबर मिळालेला.

"मॅडम, एक दिवसाचं शूट आहे. मोलकरीण."

"नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"त्या बाईचं."

"नाव नाहीये हो. लिहिलेलंच नाहीये."

"मग लिहा. नाव लिहा. घर लिहा. तिला राग कशाचा येतो ते लिहा. मग येते मी फरशी पुसायला."

त्याने फोन ठेवला. पुन्हा केला नाही. करणारही नाही. केलाच, तर मी आधी नाव विचारणार.