नाळीवरचा दोर

माझ्या जागी आणलेला माणूस सौदीतल्या कतीफ गावचा होता. चाळिशीतला, पोट सुटलेला, सदा हसरा. मी मनातल्या मनात त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायचो, आणि तोंडावर हबीबी.

तिथल्याच रास तनुरा बंदराच्या धक्क्यावरून बाहेर खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजांना भाजी, फळं आणि पिण्याचं पाणी पोचवायचं, असं आमच्या कंपनीचं काम. कंपनीची एक लाँच मी अकरा वर्षं चालवली. बापाने आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीत मला सुकाणू धरायला शिकवलं होतं, ते तिथे कामाला आलं. मग हुकूम निघाला की लाँचचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, सौदी माणूसच हवा. असे हुकूम निघतच असायचे. भाजीबाजारावर निघाला, सोन्याच्या दुकानांवर निघाला, तेव्हा आम्ही चहा पीत च्यक् च्यक् केलं आणि विसरलो. या खेपेला आमच्यावर निघाला.

साहेबाने बोलावून सांगितलं, "याला जानेवारीपर्यंत शिकव. तयार झाला की तुझा इकामा खलास."

माझी मुलगी बारावीला होती, तिथल्याच इंडियन शाळेत. परीक्षा मार्चमध्ये. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला की तिचाही जाणार, आणि शेवटच्या दोन महिन्यांसाठी गावाकडे तिला कुठली शाळा घेणार होती? वर्ष गेलंच म्हणायचं. मी साहेबाकडे एप्रिलपर्यंत मुदत मागितली. अक्षरशः हात जोडले. तो हसला. म्हणाला, "तो तयार झाला नाही, तर राहशील."

हे घरी सांगितलं तेव्हा पोरगी उठली. न्हाणीत गेली, नळ मोठा सोडला आणि आत बराच वेळ बसली. आम्हाला काय कळत नव्हतं, ती आत काय करतेय ते?

तर मी कतीफवाल्याला शिकवायला लागलो. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. स्वतःची मासेमारीची होडी विकून आला होता, कारण त्याला पगाराची नोकरी हवी होती. मला मुअल्लिम म्हणायचा, म्हणजे मास्तर. रोज माझ्यासाठी खजुराची पुडी आणायचा आणि माझ्या मुलीची परीक्षा कशी चाललीय ते विचारायचा. मी म्हणायचो, अजून व्हायचीय बाबा. मला त्याचा इतका राग यायचा की ते खजूर मी समुद्रात टाकायचो.

दिवस युद्धाचे होते. अफगाणिस्तानचं चालू होतं, इराकचं येऊ घातलं होतं, आणि बाहेर पाण्यात टँकरांच्या पलीकडे करड्या रंगाच्या लढाऊ बोटी दिसायच्या. त्यातल्या एकीवर आम्ही माल द्यायचो. मी आधी सगळ्यांनाच अमेरिकन समजायचो. एकदा एका खलाशाच्या दंडावर लाल पान शिवलेलं पाहिलं, तेव्हा कळलं की ही कॅनडाची. हसतमुख पोरं. माल चढवून झाला की "थँक यू सर" म्हणायची. अकरा वर्षांत मला सर म्हणणारे ते पहिलेच.

पण जवळ जायचा त्यांचा नियम फार कडक. त्याआधी एका होडीने दारूगोळा भरून जाऊन एक लढाऊ जहाज फोडलं होतं, तेव्हापासून छोटी होडी दिसली की ही माणसं बंदुका सरसावायची. लांबूनच इंजिन बंद करायचं. सगळ्यांनी रिकामे हात वर करून उभं राहायचं. त्यांची रबरी बोट येणार, तपासणार, मग ते बोलावतील तसं जायचं.

आमची कोकणातली रीत नेमकी उलटी. मोठ्या गलबताला लागायचं तर तांडेलाने स्वतः दोराचं वेटोळं हातात घेऊन नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, उभं राहायचं. बाप म्हणायचा, मोठ्याच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये. टँकरवाल्यांना ते आवडायचं. वरून माणूस हात पुढे करायचा आणि काम झटपट व्हायचं.

कतीफवाल्याला मी बापाची रीत शिकवली. दोर कसा गुंडाळायचा, कसा धरायचा, मान कशी ताठ ठेवायची, सगळं. टँकरवर आठ-दहा वेळा करून घेतलं. लढाऊ बोटीचा नियम शिकवला नाही. तिथे जायचं असलं की, "आज तू धक्क्यावर मालाची यादी बघ" म्हणून त्याला मागे ठेवायचो. मी खोटं बोललो नाही, फक्त अर्धं शिकवलं. मला वाटलं होतं की ओरडा खाईल, तक्रार जाईल, साहेब म्हणेल हा कच्चा आहे. सुंठीवाचून खोकला जाईल.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात साहेब म्हणाला, आज लाँच तो चालवेल, तू नुसता बघ. माल होता त्या कॅनडाच्या बोटीचा. कतीफवाला धुतलेले कपडे घालून आला होता. मी पाठीमागे कांद्यांच्या पोत्यावर बसलो.

लांबून इंजिन बंद करायची जागा आली आणि गेली. त्याने सुकाणू मल्याळी इंजिनवाल्याच्या हातात दिलं, दोराचं वेटोळं उचललं आणि नाळीवर जाऊन मान ताठ करून उभा राहिला. कर्ण्यावरून इंग्रजीत आवाज आला, थांबा, इंजिन बंद करा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याला वाटलं, सलाम करताहेत. त्याने दोराचा हात वर करून हलवला.

दुसऱ्यांदा आवाज आला. मला सगळं समजत होतं. इंजिनवाल्याने वळून माझ्याकडे पाहिलं, कारण त्याने नेहमीचा नियम पाहिलेला होता. मी मान खाली घातली. तिसऱ्यांदा आवाज आला आणि पाठोपाठ आमच्या पुढ्यातलं पाणी फाडकन उडालं. गोळ्या! या अल्ला, मी गोळ्यांचा विचारच केला नव्हता. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. जीव माझाही होता ना लाँचवर.

रबरी बोटीतून पाच जण चढले. एवढीशी पोरं, लाल झालेले चेहरे. तेही आमच्याइतकेच घाबरले होते. विचारलं, तांडेल कोण? मी लगेच बोट दाखवलं. "ही इज द कॅप्टन, सर."

त्यांनी त्याला पालथा पाडला आणि हात पाठीमागे प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधले. खाली इंजिनाचं लोखंडी झाकण होतं. ते किती तापतं ते मला माहीत होतं, त्या हातमोजे घातलेल्या पोरांना नाही. तो ओरडायला लागला तसं त्यांनी आणखी दाबून धरलं. त्यांना वाटलं, झटापट करतोय. मी म्हणू शकलो असतो, "हॉट, सर, हॉट." दोन शब्द. मी टोमॅटोच्या खोक्यांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांच्यातल्या एका बाईला जळका वास आला. तिने त्याला बाजूला ओढलं आणि कांद्याचं रिकामं पोतं घडी करून त्याच्या गालाखाली सरकवलं. मला सुचलं नाही ते तिला सुचलं. परक्या बाईसमोर असं पडलेलं बघून त्याने लाजेने तोंड फिरवलं, ते नेमकं भाजलेल्या बाजूवर.

चौकशीत साहेबाने मला विचारलं, शिकवलं होतंस? "सगळं शिकवलं होतं," मी म्हणालो. करून सवरून नामानिराळा. कतीफवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मुअल्लिमने सांगितलं असणारच, माझ्याच डोक्यातून गेलं. त्याचा बंदराचा पास काढून घेतला. मला वर्षभर मुदतवाढ मिळाली.

मार्चमध्ये, पहिल्या पेपरच्या दोन दिवस आधी, तो आमच्या दारात उभा. गालावर गुलाबी चट्टा, हातात मोठा हमूर मासा. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, कळलं याला. दार मुलीने उघडलं. तो बाहेरच्या खोलीत बसला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "मुअल्लिम, घरी मुलीची परीक्षा, आणि त्या दिवशी माझ्यापायी तू मेला असतास. मला झोप लागत नाही. माफ कर."

मी म्हणालो, "माफ केलं."

तो रडला. मग अडखळत म्हणाला, होडी तर विकून बसलोय, साहेब तुझं ऐकतो, माझ्यासाठी एक शब्द टाक. मी म्हणालो, बघतो. माफी फुकटची होती, ती दिली. शब्द मी टाकला नाही, तेव्हाही नाही आणि मुलगी पास झाल्यावरही नाही, कारण तो परत आला असता तर मला जावं लागलं असतं.

तो गेल्यावर मुलगी दारातच उभी होती. ती मराठीत क्वचितच बोलायची, त्या दिवशी मुद्दाम बोलली. "अब्बा, त्याच्यामुळे तुम्ही मरत होता, तरी माफ केलं? मला पण तुमच्यासारखंच व्हायचंय."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिला म्हटलं, जा, अभ्यासाला बस.